बैल जिवंत होता

१९७३ च्या उन्हाळ्यात डोंगरकडा गावाच्या पुढच्या एका खेड्यात मुंबईच्या एका हिंदी दिग्दर्शकाने एका बैलाचे चित्रण केले. पडद्यावर तो बैल मेलेला दाखवला गेला. चित्रण झाले तेव्हा तो जिवंत होता. मी तिथे होतो.

त्या काळात मी वसमतहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. हळदीचे भाव, एसटीचे अपघात, दुष्काळी कामांवरच्या तक्रारी. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. मुंबईचा दिग्दर्शक येणे ही आमच्याकडे बातमी होती, म्हणून मी गेलो.

दिग्दर्शक पंचेचाळिशीचा असावा. त्याचे आधीचे चित्रपट मारामारीचे आणि नाचगाण्यांचे होते आणि ते एकामागून एक पडले होते. निर्माते त्याला दारात उभे करेनासे झाले. मग त्याने दाढी वाढवली, खादीचा झब्बा चढवला आणि वास्तव शोधायला निघाला. हे सगळे तो स्वतःच सांगे, फक्त आधी वास्तव सापडले आणि नंतर निर्माते सुटले, असा क्रम लावून.

दुष्काळ त्याला आवडला. जमिनीच्या भेगांपाशी तो बराच वेळ उकिडवा बसे. धूळ भिंगावर बसते म्हणून त्याची माणसे रोज सकाळी रस्त्यावर पाणी मारत. ते पाणी गावासाठी आलेल्या टँकरचे होते. रिकाम्या घागरी घेऊन बायका बाजूला उभ्या राहत. त्याने त्यांचेही चित्रण करून घेतले. चेहऱ्यांवरचा राग फार छान आला, असे तो जेवताना म्हणाला. जेवायला कोंबडी होती. उरलेला रस्सा त्याच्या माणसांनी वाळूत ओतला.

त्याला मेलेले ढोर ओढून नेण्याचे दृश्य हवे होते. त्यासाठी त्याने बौद्ध वस्तीतल्या एका माणसाला बोलावणे धाडले. या गृहस्थांना वस्तीत सगळे दादा म्हणत. ते बुद्धवंदना घेत, लग्ने लावत. पूर्वी गावातली मेलेली ढोरे ओढण्याचे काम वस्तीवर लादलेले होते. दीक्षा घेतल्यावर ते काम सोडायचे, हे वस्तीला दादांनीच पटवले होते आणि त्यापायी गावाने टाकलेला बहिष्कारही सोसला होता. त्यांनी दिग्दर्शकाला नाही म्हणून सांगितले. हे खोटे असेल, नुसता अभिनय असेल, असे त्याने समजावून पाहिले. दादा म्हणाले, "ते काम आमी सोडलं. सोंग म्हणून पण न्हाई करायचं."

दिग्दर्शकाने हात जोडले आणि विषय बदलला. मग निदान बैल उठवतानाचे दाखवू, म्हणाला.

त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. दुष्काळात अशक्त झालेले जनावर एकदा बसले की आपले आपण उठत नाही. मग पोटाखालून दोर आणि बांबू घालून चार-सहा जण त्याला उभे करतात. त्या उन्हाळ्यात ते रोजचेच झाले होते. या कामाला जात बघत नसत. हाक ऐकली की जो तो हातातले टाकून येई. दादाही येत.

एका मराठा शेतकऱ्याचा बैल बसला होता. लोकांनी तो उठवला. दिग्दर्शकाला उजेड पसंत पडला नाही, म्हणून बैल पुन्हा बसवला गेला. पुन्हा उठवला. पुन्हा बसवला. उभे राहताना त्याच्या पायांना कापरे भरत होते आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. दिग्दर्शकाने ती तार कॅमेरामनला बोटाने दाखवली. शेवटी बैल आडवाच झाला. दिग्दर्शक म्हणाला, "बस, पॅकअप," आणि जीपकडे चालू लागला.

बैल भर उन्हात पडला होता. मालक दादांना म्हणाला, "दादा, मरंल वो हे उन्हात. सावलीला तरी घेऊ."

बैल उचलवेना. त्याच्या अंगाखाली पोती सरकवली, पुढच्या पायांना दोर बांधला आणि दादा व आणखी तिघांनी त्याला ओढत बाभळीखाली नेले. मालकाच्या बायकोने त्याच्या डोक्यावर पाणी ओतले. बैलाने जीभ बाहेर काढून ते चाटले. कॅमेरा जीपच्या मागे होता आणि कॅमेरामन त्याला डोळा लावून होता. आवराआवरीच्या वेळी तो नेहमीच तसा दिसे. कोणी लक्ष दिले नाही.

पुढच्या वर्षी चित्रपटाला मोठा पुरस्कार मिळाला आणि मग तो वसमतच्या टॉकीजला लागला. वस्तीतली पोरे पाहायला गेली. पडद्यावर दादा दोर खांद्यावर घेऊन बैल ओढत होते. बाभूळ नव्हती, पाणी नव्हते. पुढच्याच दृश्यात गिधाडे होती. आमच्या शिवारात त्या दिवशी गिधाडे नव्हती. ती दुसरीकडून आणून जोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात एकाने दादांना विचारले, "काय दादा, आमची म्हैस पण आजारी हाय. येऊन राहिले का?" बाकीचे हसले. दादा चहा न पिता घरी गेले.

वस्तीची बैठक बसली. दादांनी जे घडले ते सांगितले. एक म्हातारी म्हणाली, पडद्यावर दिसते ते खोटे कसे असेल, फोटूच आहे तो. खुलासा होईपर्यंत वंदना दुसऱ्याने घ्यावी असे ठरले. दादा एवढेच म्हणाले, "बराबर हाय. तुमच्या जागी मी असतो तर मी पण हेच बोललो असतो."

मला बोलावले तेव्हा मी पाहिले ते सांगितले. बैलाचा मालकही आला. याआधी तो कधी वस्तीत येऊन खाली बसल्याचे कोणाला आठवत नव्हते. बैल त्याच पावसाळ्यात पेरणीच्या तिफणीला चालला, असे त्याने सांगितले. "आजबी गोठ्यात हाय. चला, दाखवतो." दोघे-तिघे जाऊन पाहून आले. वंदना पुन्हा दादांकडे आली.

दादांचे मात्र तेवढ्याने भागले नाही. वस्तीला पटले, पण बाकीच्या मुलखाला कोण सांगणार, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना ते दृश्य काढून हवे होते. नांदेडला दिग्दर्शकाचा सत्कार होता. आम्ही दोघे गेलो.

हार गळ्यात ठेवूनच त्याने भाषण केले. खेड्यातली माणसे कॅमेरा विसरतात, असे तो म्हणाला. मग त्या दृश्यावर आला. या लोकांना मी काही शिकवलेच नाही, म्हणाला. "ये तो इनके ख़ून में है." सभागृहात टाळ्या झाल्या. शिकलेली माणसे होती. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकाने चष्मा काढून डोळे पुसले.

नंतर आम्ही त्याला गाठले. त्याने दादांना लगेच ओळखले, मिठी मारली आणि फोटोग्राफरला हाक मारली. दादांनी त्याचा हात खांद्यावरून खाली ठेवला आणि म्हणाले, बैल जित्ता व्हता हे तुमाला ठाऊक हाय, तेवढे चित्र काढून टाका.

दिग्दर्शक हसला. "अरे भाई, वही शॉट तो फ़िल्म की जान है."

"जान बैलात व्हती साहेब," दादा म्हणाले. "ती आमी वाचवली. तुमी पडद्यावर मारली."

त्याने माझ्याकडे पाहिले. याचे बोलणे किती सुंदर आहे, पुढच्या चित्रपटाचे संवाद याच्याकडूनच घ्यायला हवेत, असे मला म्हणाला. मग आयोजकांनी त्याला जेवायला नेले.

मी बातमी पाठवली. ती आतल्या पानावर छापून आली. खुलासा आला नाही. दिग्दर्शकाची पुढे एका सरकारी समितीवर नेमणूक झाली. त्याचा नंतरचा चित्रपट थंड हवेच्या ठिकाणी झाला आणि त्यात गाणी होती.

जुना चित्रपट त्या दिवाळीत हिंगोलीला लागला. त्याचे पोस्टर बस स्टँडसमोरच्या भिंतीवर होते. त्यावर दादा होते, दोर होता आणि बैलाचे पुढचे दोन पाय होते.