ओडेसाबाईच्या क्विल्टमधला शर्ट

इला, लिही. आणि माझं बोलणं सुधारत बसू नकोस, सांगते तसंच लिही.

इथं अमेरिकेत, आपल्या हर्नडनच्या घराला लागूनच ओडेसाबाईचं घर. वय एक्क्याऐंशी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण तुझं ऐकून ऐकून मलाच आजी म्हणते. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं. तुझा बाप गाडी मागे घ्यायला लागला, की अजून अंगणातून हातवारे करते.

तिचा थोरला भाऊ क्लिफ्टन. एकोणीसशे बावन्न साली, इथनं चार तासांवरच्या त्यांच्या गावात, कुणीतरी एका गोऱ्या दुकानदाराला मारून पळालं. दुकानाच्या दारात शर्टाचा फाटका खिसा सापडला, निळ्या फुलांचा. तेव्हा कोंबड्यांचा दाणा फुलाफुलांच्या पोत्यांतून यायचा, आणि गरिबाघरी त्याचेच कपडे शिवायचे. क्लिफ्टनचा शर्टही तसलाच. काळ्या माणसाला पकडायला तेवढं पुरलं. त्यांची आई कोर्टात सांगत राहिली, त्याचा शर्ट घरी आहे, खिशासकट आहे. कुणी म्हणालं नाही, घेऊन ये बघू. ज्युरीतले बाराही गोरे. जेवायच्या सुट्टीआधी निकाल लागला. सहा वर्षांनी तुरुंगातच न्यूमोनियानं गेला तो.

"मी जायच्या आधी त्याच्या नावावरचा डाग निघाला पाहिजे," ओडेसाबाई म्हणायची. एक वकीलबाई तिच्यासाठी झटत होती, पण हातात पुरावा नाही. आईनं तो शर्ट कुठं ठेवला, ते आईबरोबरच गेलं.

मागच्या थंडीत ओडेसाबाईनं मला तिच्या आईचा क्विल्ट आणून दिला, त्यांच्याकडची गोधडीच ती. कड उसवली होती, तेवढी शिवून दे म्हणाली. आता आपल्याकडे गोधडी दुरुस्त करायची म्हणजे एक बाजू उसवायची, आत गोळा झालेलं सरळ करायचं, मग टाके घालायचे. मी तेच केलं. तू शाळेतून आलीस आणि बघतच राहिलीस.

"आजी, ओपन का केलंस? शी ओन्ली सेड द एज."

"आतलं सरळ नको करायला?"

"हा क्विल्ट आहे, आजी. असा कुणी ओपन करत नाही."

तोवर माझा हात आत गेला होता. सरकीच्या कापसात एक अख्खा शर्ट पसरलेला. निळी फुलं, खिसा जागच्या जागी. कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं काहीतरी काढलेलं. मला कुठं वाचता येतं? तू वाचलंस, "क्लिफ्टन."

तशीच स्वयंपाकघरातल्या चपला घालून गेले तिच्याकडे, तुला बोलायला घेऊन. तिनं कॉलरमधल्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पोलिसांनी दोनदा घर उपसलं होतं, आजी. त्यांच्या हाती लागता, तर त्यांनीच खिसा फाडला असता. ममाला माहीत होतं." डोळे पुसले आणि क्विल्टकडे बघून म्हणाली, "मी फक्त कड सांगितली होती."

"मग, घेऊन जाऊ परत?" मी म्हटलं. तेव्हा हसली.

या वसंतात कोर्टात उभं राहिलं सगळं. कापडाची जाणकार बाई यंत्रातून बघून म्हणाली, खिशाचा दोरा पहिल्या शिवणीचाच, दुसऱ्यांदा सुई गेलेली नाही. हे मी आपल्या टेबलावरच सांगितलं होतं, ते राहू दे. जजनं जुना निकाल रद्द केला आणि पूर्ण नाव घेतलं, मिस्टर क्लिफ्टन टॉलिव्हर. ओडेसाबाईनं माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या. त्याला आयुष्यात कुणी गोऱ्यानं मिस्टर म्हटलं नव्हतं गं.

घरी येताना गाडी तुझा बाप चालवत होता. शंभर मैल गेल्यावर ओडेसाबाई एकदम म्हणाली, "विक्रम, लेन चेंज करताना आरसा बघ."

मागच्या आठवड्यात शर्ट परत मिळाला. मी क्विल्टची एक बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती. म्हटलं, आत घालू ना?

"आत नको," ती म्हणाली. "वर लाव. मधोमध. आता कुणापासून लपवायचाय?"

रोज दुपारी बसतो आम्ही, एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. माझे टाके मोठे आहेत म्हणते. खिशाचं तोंड तेवढं शिवलं नाही, ती मधूनच त्यात हात घालून बघते.

बास कर आता. दार वाजलं, तीच असेल. माझा चष्मा दे, अजून दोन बाह्या राहिल्यात.