मनालीची गळकी जीप

चौक गावात मनालीशी वाद घालायला निघालेला माणूस दोनदा विचार करतो, आणि ज्याला थोडं शहाणपण आहे तो तिसऱ्यांदा विचार करून घरी परत जातो. बाई भांडकुदळ नाही. पण एकदा तिने मान ताठ केली की ती वाकवायला तिचा नवरा हितेशही धजावत नाही, आणि तो तर खवळलेल्या समुद्रात बोट काढणारा गडी.

जीप आणली ती हितेशनेच. जुनी, वर टप नसलेली, चारही चाकांना जोर देणारी. लिलावात दिसली आणि हौसेपोटी घेतली. पण हितेश मासेमारीच्या बोटीवर गेला की आठवडा-आठवडा समुद्रातच असतो, आणि जीप बिचारी दारात उभी. मग मनाली ती चालवायला शिकली. शिकवलं कोणी? कोणीच नाही. तारोडीच्या मोकळ्या माळावर एका कुंपणाचा खांब पाडला, मालकाच्या शिव्या खाल्ल्या, आणि शिकली. त्यानंतर किनाऱ्याला लागलेल्या होड्या दोर बांधून वाळूवर ओढायचं आणि मासळीच्या टोपल्या रस्त्यावरच्या टेंपोपर्यंत पोचवायचं काम तिने धरलं. पूर्वी हेच काम गावातले बाप्ये खांद्याने करायचे आणि मग दोन दिवस कंबर धरून बसायचे.

तरी कुजबूज झालीच. बाईने होडीवर पाय ठेवू नये, असं काही जुनी माणसं मानतात. मनाली म्हणाली, "मी कुठं पाय ठेवते? मी ओढते." यावर माणसं हसून पांगली, पण हसली म्हणजे राग विसरली असं थोडंच आहे?

तो राग बाहेर पडायला जीपनेच वाट करून दिली. जीपमधून तेल गळायला लागलं. आधी थेंब, मग थेंबाथेंबाची रांग. एके सकाळी किनाऱ्यावर सुगंधाकाकूंनी वाळत घातलेल्या जवळ्याच्या, म्हणजे बारीक कोळंबीच्या, कडेने जीप गेली, आणि पाटीभर जवळ्यावर काळे डाग पडले. सुगंधाकाकूंनी किनारा डोक्यावर घेतला. त्यांचं चुकलं नव्हतं. इंजिनच्या तेलाचा वास लागलेला जवळा मांजरसुद्धा हुंगणार नाही. मनालीने आपल्या वाट्याचा जवळा मुकाट्याने त्यांच्या पाटीत ओतला, पण गोष्ट तिथे थांबली नाही.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष शशिकांत संध्याकाळी दारात आले. "हे बघ मनाली, गाडी तेल सांडतेय तोवर किनाऱ्यावर न्हाय आणायची. रविवारी सभा हाय. काम कोणाला द्यायचं ते तिथं ठरवू."

"ठरवायचं काय त्यात? काम माझं हाय."

"गळती थांबली तर बघू," शशिकांत म्हणाले, आणि हसले. ते हसणं मनालीच्या नाकाला मिरच्यांसारखं झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती जीप घेऊन हायवेकडच्या एका गॅरेजमध्ये गेली. तिथल्या मिस्त्रीने खाली वाकून टॉर्च मारला. इंजिन जिथे गिअरबॉक्सला जोडलेलं असतं तिथून तेल ठिबकत होतं. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "मॅडम, पीछे का सील गया. पूरा इंजिन उतारना पडेगा. मेरी मानो तो भंगार में दे दो."

"ऊपर से देखा क्या?" मनालीने विचारलं.

"ऊपर क्या देखना? तेल तो नीचे गिर रहा है."

यात त्या मिस्त्रीचाही फार दोष नव्हता. जीपचं पोट वरपासून खालपर्यंत काळंकुट्ट होतं. त्याचं कारण घरातच होतं: मनालीचे सासरे, बाळाराम. बाळारामबाबा म्हणजे एकेकाळचे नावाजलेले तांडेल, बोटीचे कप्तान. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड कसं कुजतं हे त्यांना पाठ. म्हणून ते दरवर्षी पावसाळ्याआधी जीपच्या खाली शिरत आणि होडीच्या तळाला तेल चोपडावं तसं जीपला जळकं ऑइल चोपडत. त्यावर वाळू बसे, पुढच्या वर्षी वाळूवर पुन्हा तेल. गंज लागला नाही हे खरं, पण आता जुनं तेल कुठलं आणि नवं गळणारं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मनालीने तिथेच ठरवलं. इंजिन उतरवायचं नाही, भंगारात तर मुळीच द्यायचं नाही. जीप घरी आणली, चटई टाकली, आणि डिझेलचा डबा, जुने ब्रश, खरवडायला मासे साफ करायची बोथट सुरी घेऊन ती खाली शिरली.

"अगं, काय करतेस?" बाळाराम ओट्यावरून ओरडले. "माझं तेल काढू नको. गंज चढंल!"

"बाबा, तेल ऱ्हाऊ दिलं तर गाडीच ऱ्हाणार न्हाय."

दिवसभर खरवडून इंजिनच्या बाजू उघड्या पडल्या. सगळं कोरडं पुसून तिने कपाटातली गुलाबाच्या वासाची पावडर आणली आणि इंजिनच्या अंगावर सढळ हाताने मारली. इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसायला लागलं. शेजारपाजारचे येऊन हसून गेले. मनालीने इंजिन सुरू केलं आणि पावडरीवर नजर ठेवून बसली. पांढऱ्यावर तेल लपत नाही, एवढी साधी गोष्ट. थोड्या वेळाने एक ओली रेघ दिसली. ती खाली नव्हती. अगदी वर, इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कडेला होती. तिथून तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत होतं आणि सगळ्यात खाली येऊन ठिबकत होतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हायवेवरचा उपचार होणार होता.

तिने भाईंदरहून नवं पॅकिंग आणलं, कव्हर खोललं, जुनं कडक झालेलं पॅकिंग नखाने सोलून काढलं, नवं बसवलं. पुन्हा पावडर. पुन्हा इंजिन. कोरडं! मनालीला इतका आनंद झाला की तिने जीपच्या बॉनेटवर थाप मारली आणि रात्री बोंबलाचं कालवण केलं.

सकाळी जीपखाली तेल होतं.

या वेळी पुढून. पट्ट्याच्या पुलीमागून. शशिकांत नेमके तिथूनच चालले होते. थांबले, वाकले, बघितलं. "मागचं बंद केलंस तर पुढून निघालं. म्हातारी झाली ती, मनाली. सोड."

मनालीने जीपकडे तोंड फिरवलं. पाठ फिरवली म्हणजे पराभव मान्य केला असं शशिकांतना वाटलं असावं. खरं तर तिला रडू येत होतं आणि ते त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं. ते वळले तशी ती पाय आपटत तेल किती उरलंय ते बघायला गेली. तेल मोजायची पट्टी आपल्या नळीतून बोटभर वर आलेली होती. नेहमीसारखीच. रोज ती पट्टी वर यायची आणि रोज मनाली ती खाली दाबायची, आपणच नीट बसवत नाही म्हणून स्वतःवर चरफडायची. आज मात्र ती तिथेच थांबली. काल रात्री पट्टी तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबली होती. मग तिला वर ढकलतंय कोण?

तिने इंजिन सुरू केलं आणि तेल ओतायचं झाकण काढलं. आतून भस्सकन धूर आला. तळहात ठेवला तर हात उचलला जाईल इतका जोर. आता तिच्या लक्षात आलं. इंजिनच्या पोटात हवा कोंडली होती. मागची वाट बंद केली तर ती पुढून तेल ढकलत होती, पुढची बंद केली असती तर तिसरी शोधली असती. दोष पॅकिंगचा नव्हताच. ही हवा बाहेर जायला एक नळी असते, उघड्या तोंडाची, खाली सोडलेली. ती गेली कुठे?

नळी होती. चॅसीच्या आडोशाला, तेल आणि वाळूच्या थराखाली. तिच्या टोकाला एक काळं बोंडूक होतं. ते मनालीने परवाच बघितलं होतं आणि कंपनीचं रबराचं बूच समजून सोडून दिलं होतं. आता सुरीने थर खरवडला, तर आत कापूस, कापसावर फडकं, आणि फडक्यावर जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची गाठ. अशी घट्ट, चपटी गाठ गावात एकच माणूस मारतो.

"बाबा!" मनाली जीपखालून इतक्या जोरात ओरडली की बाळाराम चहाचा कप घेऊनच धावत आले.

"ही नळी तुम्ही बांधलीत?"

"मग? म्याच बांधली," बाळाराम छाती पुढे काढून म्हणाले. "होड्या ओढाया जीप पाण्यात जाते. खाली भोक उघडं ठेवून? होरीला कधी भोक ठेवाचं न्हाय, पाणी शिरतं. माझ्या होरीत कधी थेंब शिरला न्हाय."

"ही होरी न्हाय, बाबा! हिला श्वास घ्यावा लागतो!"

तिने सुरीने गाठ कापली आणि कापूस ओढला. इंजिन सुरूच होतं. नळीतून फुस्स करून धूर सुटला, बराच वेळ सुटत राहिला, आणि मग इंजिनचा आवाजच बदलला. घसा मोकळा झालेल्या माणसासारखा. बाळाराम कप हातात धरून ऐकत राहिले. माफी मागणं हा त्यांचा पिंड नव्हे. चहाचा शेवटचा घोट घेऊन ते म्हणाले, "मग भोक ऱ्हावं द्याचं असतं, हे मना आधी कोनी का न्हाय सांगितलं?"

मनालीचा राग त्या एका वाक्याने गेला. ती खाली चटईवर पडल्या पडल्या हसायला लागली. मग दोघांनी मिळून नळीला रबरी पाइप जोडला आणि त्याचं तोंड पाणी पोचणार नाही इतकं वर, बॉनेटखाली नेऊन बांधलं. गाठ बाळारामांनीच मारली, या वेळी पाइपाचं तोंड उघडं ठेवून.

रविवारी सभा किनाऱ्याजवळच्या मंडपात होती. मनाली जीप थेट मंडपाच्या तोंडाशी घेऊन गेली, खाली पांढरी चादर अंथरली आणि इंजिन चालू ठेवून बाजूला उभी राहिली. सभेतले इतर विषय त्या घरघरीतच झाले. शेवटी सुगंधाकाकू स्वतः उठल्या, गुडघ्यावर बसून चादर बाहेर ओढली आणि दोन्ही बाजूंनी बघितली.

"डाग न्हाय," त्या म्हणाल्या. "माझी तक्रार संपली."

सगळ्यांनी शशिकांतकडे बघितलं. शशिकांतनी घसा साफ केला. "चांगलं झालं. गाडी येऊ दे. पण मी म्हणतो, चालवायला बाप्या माणूस ठेव. माझा पुतण्या हाय, रिकामाच हाय. तुला घरबसल्या भाडं मिळंल."

म्हणजे तेल हे नुसतं निमित्त होतं. इतके दिवस पोटात होतं ते आत्ता ओठांवर आलं. मनालीला धक्का बसला नाही, उलट बरं वाटलं. हवा कुठे कोंडली आहे ते कळलं म्हणजे निम्मं काम झालं, हे ती नुकतीच शिकली होती.

तिने हात घालून इंजिन बंद केलं. 

"चावी माझ्याकडं ऱ्हाते," ती म्हणाली. "मी चालवणार तर जीप चालंल. न्हाय तर होड्या खांद्यानं ओढा. पयले ओढत होता तशाच. कंबरा काय दुखायच्या ते विसरला न्हाय ना?"

मागून कोणीतरी हसलं. शशिकांत लाल झाले. कोणी काही ठरवलं नाही, आणि सभा चहावर संपली.

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या. जीप दारात उभी होती आणि मनाली घरात भात शिजवत होती. किनाऱ्यावरून "हैसा, हैसा" ऐकू येत होतं, मग ते विरळ झालं, मग थांबलं. शशिकांतची होडी सगळ्यात जड. ती अर्धी पाण्यात, अर्धी वाळूत रुतली होती आणि भरती चढत होती. ओढणारे एकेक करून खाली बसले होते.

दुपारी शशिकांत स्वतः आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, हात दोराने सोललेले. ओट्यावर बाळाराम जाळं शिवत बसले होते. शशिकांत दारातच घुटमळले, आत डोकावायचा धीर होईना.

"बाळारामदादा," ते हळू आवाजात म्हणाले, "मनालीला जरा..."

बाळारामांनी मान वर केली नाही. सुई एका फासातून काढून दुसऱ्यात घातली.

"डायवर जेवते हाय," ते म्हणाले. "बस तिथं. थांब."

मनालीने ते आतून ऐकलं, आणि मुद्दाम अजून थोडा भात वाढून घेतला.