खोकून दाखवा

चाकूरला दुष्काळ पडला आणि आमच्या आईचं लई कौतुक झालं. टँकरपाशी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि ही दिवसभर तांब्याभर पाण्यावर राहायची. अप्पा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या घरची बघा, लेकरांसाठी तहान मारते. डोंबलाचं लेकरांसाठी! खोकलं, हसलं, घागर उचलली की तिला लघवी सुटायची, म्हणून ती पाण्यालाच भ्यायची. तेही दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून. लुगड्याच्या आत धडुती बांधायची आणि कुणाच्या लग्नात चार बायकांत बसायची नाही. भावकी म्हणायची, हिला गर्व हाय.

मला हे कळलं ते माझ्या लग्नानंतर, ती लातूरला माझ्याकडे राहायला आली तेव्हा. वाळत घातलेली धडुती बघून मी विचारलं, तर रडायलाच लागली. म्हणाली, वय झालं आता, दुसरं काय. जेमतेम पंचेचाळिशीची बाई!

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी ऑफिसं निघाली, तसं एका डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफीचं मशीनही आलं. मी आईला ओढतच तिथं नेलं. बाहेरच्या बाकावर सगळ्या सासवा, पोटुशा सुनांना घेऊन. पोरगा हाय का पोरगी ते बघायला आलेल्या. मशीनचा दुसरा काही उपयोग असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. एकीनं विचारलं, कोणाला दाखवायचंय? आईनं झटकन माझ्याकडं बोट केलं. मग सगळ्या माझ्या पोटाकडं बघत बसल्या. मी आतून नुसती जळत होते.

तपासणीआधी पोटभर पाणी प्यायचं होतं. आई कसंबसं अर्धा ग्लास प्यायली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. दार लावून त्यांनी खालच्या बाजूनं मशीनचा दांडा टेकवला आणि सांगितलं, "आता खोकून दाखवा." आई खोकेना. कशी खोकेल? जन्म खोकला दाबण्यात गेलेला. शेवटी खोकली, चादर भिजली, तिनं पदरानं तोंड झाकलं. बाईंनी पदर हळूच बाजूला केला नि मशीनचा पडदा दाखवला. खोकल्यासरशी लघवीच्या पिशवीचं तोंड खाली घसरत होतं. बाळंतपणांत तिथले स्नायू सैल पडले होते. बाईंनी व्यायाम शिकवले, फरक पडला नाही तर ऑपरेशन करू म्हणाल्या, आणि पाणी तोडायचं नाही म्हणून बजावलं. वाटेत आईनं मला दोनदा विचारलं, म्हंजे हे दुखणंच हाय ना गं?

चाकूरला परतल्यावर कितीतरी महिने तिनं व्यायाम केले. थोडं कमी झालं, थांबलं नाही. ऑपरेशनचं अप्पांना विचारायला मी चाकूरला गेले. अप्पा नि काका जेवायला बसले होते, आई वाढत होती. मी सगळं सांगितलं. अप्पांनी विचारलं, कॅन्सर तर न्हाई ना? मी म्हटलं, न्हाई. मशीनवर खोकल्यानं गळताना दिसलंय.

"मग खोकू नको म्हणावं तिला," अप्पा म्हणाले.

काका हसले. सवयीनं आईही हसली, आणि तिथंच फरशीवर ओघळ आला. एरवी ती पळाली असती. त्या दिवशी ती हातात भाकरी घेऊन जागची हलली नाही.

"मशीनला दिसलं," ती म्हणाली. "आता तुम्ही बी बघा."

अप्पांनी मान वर केली नाही. कालवणात भाकरी कुस्करत राहिले. घास गिळून म्हणाले, "पुसून घे ते." ऑपरेशनचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.