टेकडीकडे तोंड केलेला भोंगा

आवाजावर आमच्या काकांइतका जीव असलेला माणूस सिरसाळ्यापासून धारूरच्या घाटापर्यंत दुसरा नसावा. त्यांचा धंदा मांडवाचा आणि भोंग्यांचा, पण चहासुद्धा ते कानानंच पारखतात. 'आधण अजून बारीक वाजतंय' म्हणत पातेलं पुन्हा चुलीवर ठेवायला लावतात. म्हैस हंबरली तर तिचा घसा बसलाय का, ते सांगतात. आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचा उपाय एकच: दुप्पट करा.

माझ्या बहिणीच्या लग्नात मात्र हा उपाय चालेना. समोरच्या टेकडीवर राहणारी आत्या, काकांची थोरली बहीण, पाय मोडून खाटेवर होती. मंगलाष्टकं ऐकून तिला तिथूनच अक्षता टाकायच्या होत्या. मी म्हणालो, फोन लावून देतो. काका उखडलेच. "फोन कावून? भाऊ भोंगेवाला असून तिनं फोनवर ऐकायचं?"

आदल्या दिवशी त्यांनी भोंगा लावून पाहिला आणि कसं ऐकू येतंय ते विचारायला आत्याला फोनच केला. "लई पुसट येतंय रे," ती म्हणाली. काकांनी आवाज वाढवणाऱ्या मशिनच्या जोडीला तेवढ्याच ताकदीचं दुसरं मशिन लावलं. "आता?"

"उगं जरासं वाढलंय बघ."

काका मशिन विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडू लागले. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परळीला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. चाचरतच म्हणालो, "काका, मशिन चांगलं आहे. आपला कान बेरीज करत नाही, पटीत ऐकतो. ताकद दुप्पट केली की तीनच डेसिबल वाढतात. दहापट केली की दहा, शंभरपट केली की वीस."

"शंभराला वीस? हे कसलं गणित बे! बाजारात असा हिशोब सांगितलास तर मार खाशील."

खरं तर वर्गात मलाही ते लवकर पटलं नव्हतं. "शंभर म्हणजे दहापटीच्या दोन उड्या. लॉगरिथम त्या उड्या मोजतो."

"मंग आनू का शंभर मशिनी?"

"नको. भोंगा निम्म्या अंतरावर न्या. सहा डेसिबल मिळतील, चार मशिनी लावल्यासारखे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॉलेजची फी आत्ता वसूल झाली.

लग्नाच्या वेळी मांडवात सगळे नवरीच्या काकांना शोधत होते. ते फेटा बांधून पार ओढ्यापलीकडे, टेकडीच्या निम्म्या वाटेवर, वाऱ्यानं फिरू नये म्हणून भोंगा कवटाळून उभे होते. 'सावधान'ला आत्यानं अक्षता टाकल्या. "कोंबड्यांनी टिपल्या सगळ्या," तिनं नंतर हसत सांगितलं.

या उन्हाळ्यात आत्या गेली. परवा गावातल्या एका लग्नात काका भोंगा बांधत होते. मांडव एकीकडे, भोंग्याचं तोंड टेकडीकडे. मी बांधायची तार पुढं केली. त्यांनी विचारलं, "लांब गेल्यावर ते डेसिबल शून्य हुतं, मंग संपतो ना आवाज?"

"शून्याला संपत नाही, काका. पुढं उण्यात जात राहतो. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

काका टेकडीकडे पाहत राहिले. "मंग ऱ्हाऊ दे तिकडंच," म्हणाले आणि त्यांनी तार आवळली.