दहा मोजायचे दिवस

“कानाला काहीही झालेलं नाही,” नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि मी रडायला लागले. डॉक्टर गोंधळले. ही आनंदाची बातमी आहे, असं त्यांना वाटत होतं. मी मात्र मनाची तयारी करून गेले होते. कान अधू निघाला असता तर मशीन लावलं असतं. आता काय लावायचं?

माझी लेक ईशू तेव्हा तीन वर्षांची व्हायला आली होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. हवं ते बोटाने दाखवायची आणि “अं” करायची. हाक मारली की धावत यायची, चप्पल आण म्हटलं की बरोबर जोडी आणायची. तोंडातून शब्द तेवढा निघत नव्हता.

त्या दिवशी तिची बेरा टेस्ट झाली होती. नाव ऐकून घाबरू नका. झोपेचं औषध देऊन मुलाला झोपवतात, डोक्याला बारीक वायरी चिकटवतात आणि कानात सोडलेला आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहतात. दुखत काहीच नाही. बाहेर बाकावर बसलेल्या आईलाच काय ते दुखतं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, एक्स्प्रेसिव्ह लँग्वेज डिले. म्हणजे मुलाला समजतं सगळं, पण बोलणं उशिरा येतं. “दर आठवड्याला स्पीच थेरपीला आणा,” ते म्हणाले. “बोलेल ना?” मी विचारलं. “प्रयत्न करू. आज खात्री देत नाही.” हे उत्तर खरं होतं, पण तेव्हा मला त्यांचा रागच आला.

खरं तर इथवर यायलाच आम्ही वर्ष घालवलं होतं. आमचं गाव शेवगावपासून जवळ. गावात सल्ल्याला तोटा नाही. “हिचा बापबी चौथ्या वर्षी बोललाय, काय हुतंय!” असं ज्याने त्याने सांगितलं. पोपटाने उष्टावलेला पेरू चारला की मूल बोलतं म्हणून सासूबाईंनी एक पेरू मिळवून आणला. मी नगरात वाढलेली, डी.एड. झालेली, शाळेत मराठी शिकवणारी बाई. तरी तो पेरू मी माझ्या हाताने चारला, फक्त आधी स्वच्छ धुऊन घेतला. धुतल्यामुळेच गुण गेला, असं सासूबाईंचं आजही म्हणणं आहे.

मग आमचे मंगळवार सुरू झाले. शाळेतून रजा, सकाळची एसटी, खिडकीजवळची जागा आणि मांडीवर ईशू. पांढरीपुलावर गाडी थांबली की भेळेचा वास यायचा आणि ही खिडकीतून हात बाहेर काढून “अं, अं” करायची. आज त्या रस्त्याने गेले की मांडी उगाच मोकळी वाटते. तेव्हा मात्र मी सारखी घड्याळ पाहत असायचे.

थेरपीच्या मॅडम तरुण होत्या. खोलीत सतरंजी, चित्रांची कार्डं, मुलाने ‘उघड’ म्हणावं म्हणून घट्ट झाकणाचे डबे. पहिल्या दिवशी त्या ईशूशी नुसत्या चेंडू खेळल्या. “टर्न टेकिंग,” त्यांनी मला समजावलं, “एकदा तू, एकदा मी. बोलणंही असंच असतं.” एवढं लांबून चेंडू खेळायला आलो का, असं मनात आलं.

घरी येऊन मी माझ्या अकलेने एक नियम काढला. ईशूच्या कानावर फक्त शुद्ध मराठी पडायला हवी. पाणी म्हणजे पाणी, ‘पानी’ नाही. सासूबाई दिवसभर तिला सांभाळायच्या आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू असायचा. “लई ग्वाड हाय मपली बाय,” वगैरे. मी त्यांना सांगितलं, “आई, डॉक्टरकडे नेतोय आपण तिला. तिच्यासमोर नीट बोलता येत असेल तरच बोला.” हे वाक्य मी बोलले. लिहिताना हात थांबतो, पण बोलले.

सासूबाई गप्प झाल्या. एकदम गप्प. ईशूला जेवू घालायच्या, न्हाऊ घालायच्या, पण मुकाट्याने. घरात शांतता झाली आणि मला वाटलं, शिस्त लागली.

दीड महिना झाला तरी फरक दिसेना. उलट ईशूचं “अं” सुद्धा कमी झालं. एका मंगळवारी मॅडमनी विचारलं, “दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?”

“सासूबाई.”

“त्या काय बोलतात हिच्याशी?”

मी अभिमानाने नियम सांगितला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “ताई, जी व्यक्ती सगळ्यात जास्त बोलायची तिलाच तुम्ही गप्प केलंत. मुलीला शुद्ध शब्द नकोयत. आधी शब्द हवेत. घरात जी भाषा आहे, तीच भरपूर बोला. आणि विचारलं की थांबा. मनात दहा मोजा. तिच्या वतीने उत्तर देऊ नका.”

त्या दिवशी परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. लगेच माफी मागायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, “मॅडमनी सांगितलंय, तुम्ही तिच्याशी बोलायचं. खूप बोलायचं.”

“माज्या बोलन्यानं बिघडंल की पोरगी.”

“नाही बिघडत. चूक माझी झाली, आई.”

सासूबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. मग ईशूला जवळ ओढून म्हणाल्या, “आयकलं का गं बाय? आता आपल्याला परवानगी हाय म्हनं.” आणि दीड महिन्याचं साचलेलं सगळं बोलून काढलं. मी आत जाऊन रडले.

दहा मोजायचंही मी त्यांना समजावलं. पण मनातल्या मनात मोजायचं, हे सांगायचं राहिलं. त्या विचारायच्या, “भाकर पायजे का दूध?” आणि मोठ्याने सुरू, “येक, दोन, तीन…” धा झाले की हातावर भाकर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हेच. मला हसू यायचं, पण आता कुणाला सुधारायचं नाही, असं ठरवलं होतं.

असे तीन महिने गेले. एका रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सासूबाईंनी दुधाचा पेला धरला होता. “पायजे का?” आणि मोजणी सुरू. “सात, आठ, नऊ…” तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता मोजणं थांबलं.

“धा,” ईशू म्हणाली.

ओली साडी माझ्या हातातून मातीत पडली. सासूबाई पेला तसाच धरून बसल्या. मग त्यांनी पुन्हा मोजलं, नऊपर्यंत, आणि मुद्दाम थांबल्या. “धा!” ईशू ओरडली आणि हसली. माझ्यातली शाळेची बाई ‘दहा’ म्हणायला तोंड उघडणार होती. मी पदर तोंडात धरला.

त्यानंतर शब्द एकेक करून आले. वाक्यं यायला आणखी वर्ष लागलं. तुमच्या घरी असं मूल असेल तर वाट पाहत बसू नका, तपासून घ्या आणि घरातल्या कुणालाही गप्प करू नका. ईशू आता चौथीत आहे. शाळेत माझ्यासारखी बोलते, घरी आजीसारखी, आणि दोन्हीकडे थांबत नाही.

त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी थेरपी संपल्याचं सांगितलं, त्या दिवशी एक फॉर्म भरायला दिला. त्यात रकाना होता : पहिला शब्द. मी शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात ‘दहा’ लिहिलं. मग ते खोडलं आणि बाजूला लिहिलं, ‘धा’.