मिएनकाकूंच्या घरात पहिलं पाऊल

मिएनकाकूंना कोणी चांगलं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि त्यांच्या हातच्या बान्ह चुंगला कोणी नाव ठेवल्याचंही ऐकलं नाही. बाई महाफटकळ. पण दोंगची हिरवीगार पानं पुढ्यात आली की हात असे चालायचे की बघत राहावं. पानांच्या चार घड्या, आत चिकट तांदूळ, मुगाची डाळ, डुकराच्या मांसाची जाड फोड, वरून पुन्हा डाळ-तांदूळ, मग बांबूच्या ओल्या पट्ट्यांनी आवळायचं. सुताराने गुण्या लावून बघावा असा चौकोन! साचा नाही की माप नाही. आम्ही बाकीच्या बायका लाकडी साचे घेऊन बसायचो, तरी आमचे चौकोन उकळताना पोट फुटून तांदूळ ओकायचे. काकू म्हणायच्या, "लुआ, हे काय बांधलंस गं? उशी?" लुआ म्हणजे मी. बावीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतेय, आणि बावीस वर्षं उश्याच बांधतेय.

त्यांचे यजमान बोंगकाका अगदी उलटे. बायकोच्या शिव्या ऐकून हसणारा माणूस. आमच्याकडे तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, पहिल्या सकाळी घरात जसं पहिलं पाऊल पडतं तसं वर्ष जातं. म्हणून त्या सकाळी वाटेल त्याला आत येऊ देत नाहीत, माणूस आधीपासून ठरवून ठेवतात. आणि अख्ख्या गल्लीत शुभ पाऊल एकच, बोंगकाकांचं. ते आले आणि खांगकाकांच्या थोरलीचं रखडलेलं लग्न जमलं. ते आले आणि आमची डुकरीण चौदा पिलं व्याली. वीस वर्षं हा माणूस पहाटेपासून अकरा घरांचे उंबरे ओलांडत फिरायचा, घरटी एक पेला दारू घ्यायचा, आणि अकराव्या घरातून त्याला काकू दंडाला धरून घरी न्यायच्या.

यंदा दहाव्या महिन्यात बोंगकाका गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी कारभार आटोपला. एकुलता मुलगा तैवानला कारखान्यात, तो मातीला येऊन गेला, आता तेतला रजा नाही. काकूंच्या कपाळाला वर्षभर न फिटणाऱ्या सुतकाची पांढरी पट्टी आली आणि गल्लीला घोर लागला. कसला? काकूंचा? छे हो, तेतच्या बान्ह चुंगचा! सुतकाच्या घरी ते बांधत नाहीत, शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचे, अशी रीत. म्हणजे आमच्या उश्या आम्हीच काकूंना नेऊन द्यायच्या. त्यातून गावच्या देवळात दर गल्लीने एकेक जोडी ठेवायची असते, आणि आमच्या जोडीचं दरवर्षी कौतुक व्हायचं.

ते कौतुक ऐकायला उभे राहायचे खांगकाका. आमच्या गल्लीचे प्रमुख. रीतभात यांना विचारून जन्माला आली असावी. चुलीचा देव माशावर बसून आभाळात गेला त्या दिवशी, वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या तेविसाव्याला, त्यांनी आमच्या अंगणात सगळ्यांना जमवलं.

"रीत काय सांगते? सुतकाच्या घरी बांधू नये," ते म्हणाले. "पण माझ्या घरी कुठे सुतक आहे? वहिनींनी माझ्या अंगणात येऊन बांधावेत. रीतही राहिली, चौकोनही राहिला."

"आणि त्यांच्या हाताला नाही का सुतक?" मी विचारलं.

"हात धुतील की!"

झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. उश्या खायची हौस कोणाला असते?

अठ्ठाविसाव्याला भुरभुर पाऊस आणि हाडात शिरणारी थंडी. काकू खांगकाकांच्या पडवीत चटईवर बसल्या आणि सकाळपासून चौकोनामागून चौकोन बांधत गेल्या. आम्ही पानं धुवायची, पुसायची, शिरा सोलायच्या, आणि बोलणी खायची. पण यंदा बोलणी नव्हती. माझ्या हातून पान फाटलं तरी काकू गप्प, आणि मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. शेवटची जोडी बांधून होईपर्यंत खांगकाका कसे गोड! "वहिनी चहा, वहिनी शेगडी जवळ घ्या." शेवटची गाठ पडली आणि त्यांनी घसा खाकरला.

"वहिनी, तुम्ही शहाण्या आहात. आता तेत लागेल. तेवढे तीन दिवस कोणाच्या उंबऱ्याला..."

गरज सरो, वैद्य मरो! मला बाई लाज वाटली. पण मी पान पुसत राहिले.

"नाही येत कोणाच्या उंबऱ्याला," काकू म्हणाल्या. "मला काय अक्कल नाही? पण भावजी, तुम्ही या. तुम्ही नाही तर दुसरं कोणी. पहिल्या सकाळी एक माणूस या. यांचं फोटोत बसून पहिलंच तेत आहे. तुमच्या घराघरांत पहिला आला ना हा माणूस? मग त्याच्या दारात कोणीच आलं नाही तर कसं वाटेल त्याला?"

मिएनकाकूंनी कोणापाशी काही मागितलेलं आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

खांगकाकांनी छातीवर हात ठेवला. "हे काय बोलणं झालं वहिनी? पहिला मीच येतो. शब्द दिला!"

पहिल्या सकाळी काकूंनी दार सताड उघडलं. फोटोपुढे फळं, फुलं, चहाचे पेले. भिंतीवरून मला सगळं दिसत होतं. सातच्या सुमारास खांगकाकूंनी दारातूनच ओरडून कळवलं, "यांचे गुडघे धरलेत हो!" आणि तेच गुडघे पाऊण तासाने मागच्या बांधावरून, काकूंचं फाटक चुकवत, देवळाकडे तुरुतुरु निघाले. जोडीचं कौतुक ऐकायला.

बाकीच्या घरांतून कोणी गेलं? नाव नको! सुतकाच्या घरात जो पहिलं पाऊल टाकतो, त्याच्या मागोमाग ते सुतक त्याच्या घरी येतं म्हणे. आमचे हे म्हणाले, "जा की, चार पावलांवर तर आहे." मी म्हटलं, "धाकटीची यंदा परीक्षा आहे, तुम्हाला काय जातंय?" ह्यांनी स्वतः जायचं नाव काढलं नाही, ते निराळं. काकू दाराकडे तोंड करून बसून होत्या. चहा दोनदा ओतून पुन्हा भरला.

नऊ वाजता झाडूचा आवाज आला.

तेतचे तीन दिवस आम्ही झाडूला हात लावत नाही. एका व्यापाऱ्याच्या घरची भाग्याची दासी मार चुकवायला केरात लपली, त्याने केर लोटला आणि तो भिकेला लागला, ही गोष्ट आमचं शेंबडं पोरही सांगतं. आणि इथे मिएनकाकू, पांढरी पट्टी बांधून, गल्ली झाडत होत्या! प्रत्येकाच्या फाटकापुढून, दारापासून तळ्याकडे, खर्र खर्र. पीचच्या पाकळ्यांबरोबर आमची सगळ्यांची वर्षभराची बरकत चाललेली.

"काकू, अहो काय करताय!" खिडक्याखिडक्यांतून ओरडा झाला. पुढे मात्र कोणी येईना.

"कोणाच्या उंबऱ्याला शिवले नाही हो मी!" काकू झाडता झाडता म्हणाल्या.

त्या खांगकाकांच्या फाटकापुढे पोचल्या आणि खांगकाका देवळातून परत आले. फुललेला चेहरा एका क्षणात पडला.

"वहिनी! माझी बरकत झाडताय!"

ते झाडूवर झेपावले. काकू मागे सरकल्या. ते पुढे, काकू मागे, झाडू चालूच. पासष्टीच्या बाईला उलटं चालत इतकं पळता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. धरलेले गुडघे तर हरणासारखे पळत होते. काकूंचंच फाटक, अंगण, पायऱ्या, उंबरा. उंबऱ्याच्या आत खांगकाकांनी झाडूचा दांडा पकडला, आणि काकूंनी तो सोडून दिला.

खांगकाका घराच्या मधोमध झाडू घेऊन उभे. समोर बोंगकाका, फोटोत हसणारे.

"या भावजी," काकूंना धाप लागली होती. "वाट बघायला लावलीत फार. आता आलातच आहात तर यांना उदबत्ती लावा."

खांगकाकांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग मुकाट्याने उदबत्ती लावली. भीतीने की लाजेने, ते त्यांनाच माहीत.

आणि मग आमची गल्ली बघावी! पहिल्या पावलाची इडापिडा खांगकाकांच्या माथी गेलेली, दुसऱ्याला आता कसली भीती? फाटकं धडाधड उघडली, फळं आली, दारूची बाटली आली, "अहो आम्ही येतच होतो" आलं. सगळ्यांना ढकलून दुसरी आत शिरले ती मी.

"काकू, निघतच होते हो मी," मी म्हटलं.

काकूंनी पेल्यात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून भिंतीवरून दिसत होतीस."