लाल साडी आणि रिह्याचा काळा खडक

१. शनिवारी आई आणि मी सूसहून रिहे गावाला गेलो.
२. माझ्या कामासाठी तिथल्या खडकातलं लोखंड मोजायचं होतं.
३. पहिली सगळी मापं आईच्या लाल साडीमुळे बिघडली.
४. सोमवारी आई सोलापूरला गेली. परत यायचं ठरलेलं नाही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. मी ऑफिसात, ती दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. म्हणून म्हटलं, चल माझ्याबरोबर.

भूगावपर्यंत खडी-वाळूचे ट्रक. पिरंगुट सोडलं की रस्ता मोकळा. जाणार असाल तर पाणी घरून न्या. गावात सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, गरम आणि स्वस्त.

चंद्रावरचे काळे डाग म्हणजे इथल्यासारखाच लाव्हाचा खडक. चंद्राभोवती फिरणारं यान तिथून परतणारा सूर्यप्रकाश मोजतं. खडकात लोखंड असेल तर त्या उजेडाचा एक भाग, डोळ्यांना न दिसणारा, गिळला जातो. यानाचं माप पडताळायला जमिनीवरचा खडक लागतो. जवळच्या कपड्यांचा उजेड खडकावर पडला की आकडे चुकतात, म्हणून आम्ही मापं घेणारे काळे कपडे घालतो. हे आईला सांगायचं राहिलं.

"आई, मागे हो. अजून मागे."

ती पार बांधापर्यंत गेली. शेळ्या घेऊन निघालेल्या एक बाई थांबल्या.

"काय मोजताय वो?"

"दगडातलं लोखंड."

"भंगारात घालायचं हाय व्हय?"

"चंद्रावरचं कळतं त्यातनं," आई लांबून ओरडली. "लेक आहे माझी!"

"लेक हाय? मग तुमाला उनात तितं का हुबं केलंय?"

आई हसली. "मी घरातबी मधी येते, हितंबी."

ती चेष्टा नव्हती. मी गाडीतलं माझं लांब, काळं जाकीट आणून तिला घातलं, पदर आत खोचला आणि पांढरी पाटी हातात दिली. प्रत्येक मापाआधी ही पाटी मोजावी लागते. त्याशिवाय खडकाच्या आकड्याला अर्थ नसतो. आईने ती दोन्ही हातांनी, नैवेद्याचं ताट धरावं तशी धरली.

"हलू नको."

"श्वास घेऊ का?"

दुपारपर्यंत मापं नीट आली. घरी आल्यावर मी आकडे तपासत बसले. तिने बॅग भरायला घेतली आणि मी पुढची फाईल उघडली.

जाकीट अजून दारामागे आहे. बाहीला तिच्या खोबरेल तेलाचा वास येतो.

आई, सोलापूरला शेजारची प्राजू हे तुला वाचून दाखवेल. पुढच्या शनिवारी मी पुन्हा रिह्याला जाणार आहे. पाटी स्टँडवरही नीट राहते. तरी तू ये, आणि नंतर इथेच राहा. गुरुवारपर्यंत कळव.